कठीण खडकाचा दर

त्याचं खरं आडनाव बायकोला आणि बँकेला माहीत होतं. बाकी सगळा धंदा त्याला अंदाजे म्हणायचा. बांधकामांची टेंडरं भरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? नकाशा समोर पसरायचा आणि विटा किती, सिमेंट किती, माणसं किती लागतील, पाऊस कामात किती खोडा घालेल आणि या सगळ्याचे मिळून पैसे किती होतील, ते इमारतीचा पहिला दगड बसायच्या आधी सांगून मोकळं व्हायचं, हे त्याचं काम. नाव इतकं चिकटलं की एका टाइल्सवाल्याने भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ पाठवलं, त्यावर 'माननीय अंदाजेसाहेब यांस' असं सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं. अंदाजेने चारचौघांत नाक मुरडलं आणि घरी नेऊन ते घड्याळ बरोबर दारासमोरच्या भिंतीवर लावलं.

टेंडर म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचं तर असं. ज्याला इमारत बांधून हवी असते तो कामांची लांबलचक यादी काढतो: खोदाई इतकी, काँक्रीट इतकं, दारं इतकी. प्रत्येक ठेकेदार त्या प्रत्येक कामापुढे आपला दर लिहितो, लिफाफा बंद करून देतो, आणि ज्याची बेरीज सगळ्यांत कमी त्याच्या गळ्यात काम पडतं. गळ्यात पडतं, हाच शब्द बरोबर आहे. दर जास्त लावला तर काम दुसरा घेऊन जातो. फार कमी लावला तर काम मिळतं आणि मग वर्षभर डोक्याला हात लावून बसायची पाळी येते. या दोन्हींच्या मधे जी बोटभर जागा असते तिथे नेमकं उभं राहणं अंदाजेला जमायचं. एका मोठ्या कंपनीत त्याने उमेदीची सगळी वर्षं हेच केलं, आणि निवृत्त झाल्यावरही कंपनी त्याला अधूनमधून सल्ल्याला बोलावते.

एका बाबतीत मात्र तरुण इंजिनियर त्याची पाठीमागे टिंगल करतात. जमिनीत खड्डा मारून बघितल्याशिवाय तो एकही टेंडर हातावेगळं होऊ देत नाही. शेजारच्याच प्लॉटवर कंपनीने स्वतः इमारत बांधलेली असली तरी नाही. "सर, खाली काय आहे ते आपल्याला तोंडपाठ आहे," असं कुणी म्हणालं की तो वाद घालत नाही, चष्मा काढून पुसायला घेतो आणि पुसता पुसता म्हणतो, "असू दे. मार एक." म्हाताऱ्याचं खूळ म्हणून पोरं सोडून देतात. त्या खुळामागचं कारण जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्यातलं एक माणूस आता राहिलेलं नाही.

ते माणूस म्हणजे दाजी, अंदाजेच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

आई गेली तेव्हा अंदाजे शाळेतही जायला लागला नव्हता. वडील होते, पण असून नसल्यासारखे. ताईनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, पाटी-पेन्सिल दिली, शेजारच्या पोरांशी त्याच्या वतीने भांडणंही केली. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली: माझा भाऊ माझ्याबरोबर येईल. सासरची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. दाजी तेवढे हसले. "येऊ दे की," ते म्हणाले, "बायकोबरोबर मेहुणा फुकट मिळतोय, कोण सोडतो?" आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. अंदाजेची शाळा, कॉलेज, पुढचा इंजिनियरिंगचा डिप्लोमा, सगळं दाजींनी केलं आणि कधी चुकूनसुद्धा बोलून दाखवलं नाही.

दाजी छोटे ठेकेदार. कुंपणाच्या भिंती, शाळेच्या दोन-चार खोल्या, कुणाच्या बंगल्यावर वरचा मजला, असली कामं. ऑफिस म्हणजे भाड्याच्या घराची पुढची खोली. एक टेबल, एक लाकडी बाक, कोपऱ्यात नकाशांच्या गुंडाळ्या आणि दाराआड सिमेंटने पांढरे पडलेले त्यांचे बूट. आवाज असा की फोनवर बोलत असले तर आत स्वयंपाकघरात ताईला सगळं ऐकू जायचं, समोरच्या माणसाला फोनची गरजच काय असं वाटावं. अंदाजे डिप्लोमा घेऊन आला आणि नकाशे वाचून आकडे काढायला लागला, तसे दाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले, "हा मेंदू. मी नुसता हमाल."

फक्त एक गोष्ट ते सोडायचे नाहीत. कुठल्याही टेंडरचं बोलणं निघालं की पहिला प्रश्न ठरलेला: "खड्डा मारलास का?" लोक "जेवलास का?" विचारतात तितक्या सहज. जागेवर जायचं, दोन माणसं लावून पुरुषभर खड्डा खणायचा, खाली माती आहे की दगड ते डोळ्यांनी बघायचं आणि मग खोदाईचा दर लिहायचा. अंदाजेला या प्रकाराचा कंटाळा यायचा. त्याने बरीच पुस्तकं वाचली होती, आणि दाजींना जे जागेवर पाय आपटून कळतं ते आपल्याला खुर्चीत बसून कळतं, असं त्याला वाटायला लागलं होतं. पंचविशीत बऱ्याच जणांना असं वाटतं, पण प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याचं घर नसतं.

मग सरकारी दवाखान्याच्या नव्या इमारतीचं टेंडर निघालं. दाजींच्या आजवरच्या कामांपेक्षा कितीतरी मोठं. त्याच सुमारास ताईच्या घराचाही पाया भरून झाला होता. वस्तीच्या टोकाला दाजींनी एक प्लॉट घेतला होता आणि जोत्यापर्यंत बांधकाम आणून ठेवलं होतं. हातात पैसा येईल तशा भिंती चढवायच्या होत्या. ताई संध्याकाळी त्या जोत्यावर जाऊन उभी राहायची. भिंती नव्हत्याच, तरी ती जिथे दार होणार होतं तिथूनच आत जायची. दाजी कुठूनही चढून आले की त्यांना दटावायची, "इथून काय येताय? भिंत आहे ना इथे!" आणि एवढा दांडगा माणूस मुकाट्याने उतरून, वळसा घालून दारातून यायचा. स्वयंपाकघराला मोठी खिडकी ठेवायची, हे तिचं पक्कं ठरलेलं होतं. दवाखान्याचं काम मिळालं की वर्षभरात घर पुरं होणार, असा सगळा बेत होता.

दवाखान्याच्या यादीत अंदाजेला एक गंमत दिसली. 'कठीण खडकातील खोदाई' या कामापुढे मापाचा भलामोठा आकडा लिहिलेला होता. खडक फोडायचा म्हणजे मातीच्या कितीतरी पट खर्च, तेव्हा सगळे ठेकेदार तिथे घसघशीत दर लावणार हे उघड होतं. अंदाजे जागा बघायला गेला तर रस्त्याच्या कडेला पाण्याच्या पाइपासाठी कुणीतरी चर खणून ठेवलेला. त्याने वाकून बघितलं. वरपासून खालपर्यंत काळी माती. त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. यादी करणाऱ्या साहेबाने ऑफिसात बसून आकडा ठोकून दिलाय, इथे खडकबिडक काही नाही! मग जे काम करावंच लागणार नाही त्याला अगदी नावापुरता दर लावायचा, जवळजवळ फुकटात करून देतो म्हटल्यासारखा. त्याने एकूण बेरीज धाडकन खाली येते आणि काम आपल्याला मिळतं. पैसे प्रत्यक्ष झालेल्या कामाचेच मिळतात, तेव्हा मातीच्या खोदाईला दर जरासा चढा ठेवायचा, म्हणजे फायदाही आपला. धंद्यात असं करतात. जमलं तर त्याला हुशारी म्हणतात.

दवाखान्याच्या मागच्या बाजूला, जिथे इमारतीचा मोठा भाग येणार होता, तिथे तो गेलाच नाही. ऊन होतं, काटेरी झुडपं होती. खड्डा मारायचा तर माणसं लावा, दवाखान्याची परवानगी काढा, त्यात दोन दिवस मोडा. अशी बरीच कारणं तो पुढे स्वतःला सांगत आला. खरं कारण साधं होतं. चाल सुचल्याचा त्याला इतका आनंद झाला होता की ती मोडीत निघेल असं काही बघायची त्याची इच्छाच नव्हती.

लिफाफा दुपारी पेटीत पडायचा होता. सकाळी दाजी टेबलाशी बसून पानापानावर सह्या करत होते. एका पानावर ते थांबले.

"हे काय?" त्यांनी बोट ठेवलं. "खडकाला एवढाच दर? एवढ्यात तर फोडणाऱ्याचा चहापण होणार नाही."

अंदाजेने खुर्ची पुढे ओढून सगळी चाल समजावून सांगितली. दाजींनी मान डोलावत ऐकून घेतलं. मग विचारलं, "खड्डा मारलास?"

"मारला," अंदाजे म्हणाला. "मातीच आहे."

रस्त्याकडेचा चर बघितला, एवढं जरी तो म्हणाला असता तरी चाललं असतं. दाजी तिथल्या तिथे उठले असते, स्कूटर काढून स्वतः गेले असते, दोन माणसं गोळा केली असती. पण तोच तो प्रश्न ऐकून अंदाजे कावला होता, आणि शब्द तोंडातून निघून गेला. "मेंदू म्हणतो म्हणजे असेल," म्हणत दाजींनी सही केली आणि पान उलटलं.

लिफाफे उघडले तेव्हा दाजींची बेरीज सगळ्यांत कमी निघाली, तीही अगदी थोडक्याने. जुने जुने ठेकेदार तोंड वासून बघत राहिले. एकाने तर दाजींना विचारलं, "मेहुणा भाड्याने देता का हो?" दाजींनी सगळ्यांना चहा पाजला आणि घरी येईपर्यंत अंदाजेच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

खोदाईला सुरुवात झाली. रस्त्याकडच्या कोपऱ्यात माती निघाली, काळी, भुसभुशीत, हवी तशी. अंदाजे शीळ घालत घरी आला. मग यंत्र मागच्या बाजूला सरकलं आणि त्याच्या दातांचा असा काही करकराट झाला की दवाखान्याच्या खिडक्यांतून नर्स बाहेर डोकावल्या. वीतभर मातीखाली खडक. एकसंध, काळा, कुठे फट म्हणून नाही, आणि तोही इमारतीच्या अर्ध्याहून जास्त जागेत. यादी करणाऱ्या साहेबाने काहीही ठोकून दिलेलं नव्हतं. त्याने खड्डे मारून बघितले होते.

सुरुंग लावायची सोय नव्हती, कारण भिंतीपलीकडे आजारी माणसं झोपलेली. यंत्राने ठोकून ठोकून खडक फोडायचा, आणि तेही दुपारचे काही तासच. बाकीचा वेळ रुग्णांच्या विश्रांतीचा. म्हणजे यंत्राचं भाडं दिवसभराचं आणि काम अर्ध्या दिवसाचंही नाही. दाजी अंदाजेला घेऊन दवाखान्याच्या इंजिनियरकडे गेले. तो भला माणूस होता. त्याने खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि टेंडरचं ते पान उघडून समोर ठेवलं. "दर तुमचा, सही तुमची. मी काय करू, तुम्हीच सांगा."

बाहेर आल्यावर दाजी खोदलेल्या खड्ड्यात उतरले. आता बोलणार, असं अंदाजेला वाटलं. दाजींनी वाकून खडकावर तळहात ठेवला.

"दगड मात्र चांगला आहे रे," ते म्हणाले. "इमारत हलायची नाही." मग त्यांनी वर बघितलं. "खड्डा मारला नव्हतास ना?"

अंदाजेने नुसती मान हलवली.

"बरं," दाजी म्हणाले आणि वर यायला हात पुढे केला. अंदाजेने त्यांना वर ओढून घेतलं. त्यानंतर हा विषय त्यांनी आपणहून कधी काढला नाही.

काम अर्धवट टाकून पळून जाता आलं असतं. अनामत रक्कम बुडाली असती, नाव खराब झालं असतं, पण प्लॉट वाचला असता. असं करणारे खूप असतात आणि पुढे त्यांचं बरं चाललेलंही असतं. दाजींना ते जमलं नाही. दवाखाना आहे तो, लोक वाट बघतायत, एवढंच ते म्हणाले. मग काँक्रीट कालवायचं यंत्र गेलं, लोखंडी प्लेटा गेल्या, स्कूटर गेली आणि शेवटी प्लॉट गेला, जोत्यासकट.

प्लॉटचा व्यवहार करून दोघे घरी आले तेव्हा ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रडत नव्हती, ती रडणाऱ्यांतली नव्हेच. "एवढं मोठं काम," ती म्हणाली, "आणि खाली दगड आहे का माती, एवढं कुणी बघितलं नाही?" तिने आधी भावाकडे बघितलं. सांगायचं हे त्याने ठरवलं होतं; सकाळपासून तो मनात वाक्यं जुळवत होता.

"मी नाही बघितलं," दाजी बाकावरून म्हणाले. "हा सांगत होता, दाजी, खड्डा मारून बघू, एवढी घाई नको. मीच ऐकलं नाही. मोठं काम बघून माझं डोकं फिरलं."

ताईने दाजींकडे बघितलं. अंदाजेने तिला नवऱ्याकडे असं बघताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्याला बोलता आलं असतं. कुणी त्याच्या तोंडावर हात ठेवला नव्हता. पण तो मूग गिळून बसला, आणि त्याहून वाईट म्हणजे, लाज वाटायच्या आधी त्याला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं त्याने स्वतःला कधी माफ केलं नाही.

नंतर मागच्या अंगणात त्याने दाजींना गाठलं. "असं का सांगितलंत?"

"नवरा चुकला तर तिला चालतं," दाजी म्हणाले. "चार शिव्या घालेल आणि जेवायला वाढेल. तुला तिने पोटच्या पोरासारखा वाढवलाय. तू खोटं बोललास म्हटल्यावर तिने कुठे जायचं? आणि मला शिव्या पचतात. धंदाच तसला आहे."

"पण दाजी..."

"पणबिण काही नाही. कुठेतरी नोकरी बघ आता. इथे मेंदूला काम उरलं नाही, आणि हमालालाही." ते स्वतःच्याच बोलण्यावर हसले.

अंदाजेला मोठ्या कंपनीत नोकरी लागली, आणि तिथे तो चढतच गेला. लग्न झालं, मुलगी झाली, स्वतःचं घर झालं. दाजी दुसऱ्यांच्या बांधकामांवर देखरेखीला जायला लागले, ज्यांना त्यांनी काम शिकवलं त्यांच्याच हाताखाली. फाटकाशी उन्हात उभं राहून आलेले ट्रक मोजायचे. "माझ्या कंपनीत या," असं अंदाजे एकदा म्हणाला, तर दाजींनी कानाला हात लावला. "मेहुण्याच्या हाताखाली? तुझी ताई मला जगू देईल का?"

ताई आणि दाजी त्याच भाड्याच्या घरात राहिले. ताई वाईट बायको होती असं कुणी म्हणणार नाही. दाजींचं पथ्यपाणी, औषधं, डोक्याला तेल, सगळं ती डोळ्यांत तेल घालून बघायची. फक्त तो एक काटा तिच्या मनातून निघाला नाही. छत गळलं की म्हणायची, "माझ्या भावाचं ऐकलं असतं तर आज भांडी लावायची वेळ आली नसती." भाडं वाढलं की तेच. घरमालकाने खिडकीतल्या कुंड्या काढायला लावल्या तेव्हा तर आठवडाभर तेच. "हो गं बाई, चुकलं," दाजी म्हणायचे आणि अंदाजे समोर असला तर त्याला हळूच डोळा मारायचे. सुरुवातीला अंदाजे कसंनुसं हसायचा. पुढे पुढे तो त्यांच्याकडे बघायचंच टाळायला लागला.

आपण काहीतरी भरपाई करावी म्हणून तो वस्तू घेऊन जायचा. फ्रिज घेतला, दाजींना गरम कोट घेतला, घराला रंग लावून दिला. प्रत्येक वेळी ताई शेजारणींना बोलावून दाखवायची, "भावाने दिलं हो!" आणि मग दाजींकडे असा कटाक्ष टाकायची की अंदाजेला ती वस्तू उचलून परत न्यावीशी वाटायची. तो जाणं कमी करायला लागला. त्याचंही खापर दाजींच्याच डोक्यावर फुटलं. "तुमचं तोंड बघायला कसा येईल तो?" असं ताई म्हणाली, हे दाजींनीच त्याला फोनवर हसत हसत सांगितलं.

दाजी आजारी पडले तेव्हा अंदाजे त्यांना तपासणीला घेऊन जायचा. डॉक्टरांच्या दारासमोर रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर दोघे बसले होते. दाजींचे मोठे हात मांडीवर पडले होते आणि मनगटावरचं घड्याळ सैल होऊन फिरत होतं. अंदाजे एकदम म्हणाला, "दाजी, मी ताईला सांगून टाकतो आता."

कशाबद्दल, हे दाजींनी विचारलं नाही. "मलापण कधी कधी वाटतं, सांगावं," ते म्हणाले. "एखाद्या दिवशी फार बोलते, तेव्हा." मग नेहमीसारखे हसले. "पण आता कुठे? इतकी वर्षं मला खोटं सांगितलंत म्हणून नव्याने भांडायला बसेल." तेवढ्यात आतून त्यांचा नंबर पुकारला.

त्या बोलण्यातलं अंदाजेने सोयीचं तेवढं ऐकलं. दाजींनीच नको म्हटलं, असं तो स्वतःला समजावत राहिला. पण त्याला पहिलं वाक्यही नीट ऐकू आलं होतं. एवढ्या वर्षांत त्या माणसाने एकदाच आपल्याला लागतं असं कबूल केलं होतं, आणि ज्याच्यामुळे लागत होतं त्याने ते कानाआड केलं. थोड्याच महिन्यांत दाजी गेले.

माणसं येऊन गेली, घर रिकामं झालं, तसं अंदाजेने ताईला आपल्याकडे राहायला आणलं. त्याची मुलगी नुकतीच इंजिनियर होऊन एका बिल्डरकडे लागली होती. एका सुट्टीच्या दुपारी बायको बाहेर गेलेली, आणि बाकीचे तिघे बैठकीच्या खोलीत बसले होते. मुलगी वैतागून म्हणाली, "आत्या, बाबांना जरा सांग ना. साध्या कुंपणाच्या भिंतीचा खर्च काढते आहे, तर म्हणतात आधी खड्डा मार. ऑफिसात हसतात मला."

"हसू देत. तू ऐक त्याचं," ताई म्हणाली. "तुझ्या काकांनी नाही ऐकलं. माणूस सोन्यासारखा, पण हट्टी. हा अक्षरशः पाया पडत होता त्यांच्या, खड्डा मारून बघा म्हणून. ते याच्यावर ओरडले, याच्या हातातले कागद ओढून घेतले आणि केली सही. मग बसलो आयुष्यभर भाडं भरत."

वर्षानुवर्षं सांगून सांगून गोष्ट वाढली होती. अंदाजेला पाया पडताना कुणी बघितलं नव्हतं, दाजींनी त्याच्या हातातला कागद कधी ओढला नव्हता. मुलीने बापाकडे अभिमानाने बघितलं. "बाबा, तुम्ही कधी बोलला नाहीत."

अंदाजे बायकोचा, मित्रांचा, कंपनीतल्या सगळ्यांचा अभिमान आजवर पचवत आला होता. मुलीचा त्याला पचला नाही. आणखी पन्नास वर्षांनी ही पोरगी आपल्या नातवंडांना सांगेल की दाजी हट्टी होते, या विचाराने त्याला बसवेना.

"तसं झालंच नाही," तो म्हणाला.

आणि त्याने सगळं सांगितलं. पाइपाचा चर, मागच्या बाजूची झुडपं, सकाळच्या सह्या, बाकावर बसून दाजी जे बोलले ते, आणि रांगेतल्या खुर्च्यांवर जे बोलले तेसुद्धा. मुलगी खाली मान घालून ऐकत होती. त्याचं बोलून झालं तेव्हा ताईने विचारलं, "त्यांनी विचारलं होतं तुला?"

"हो."

"आणि तू मारला म्हणालास."

"हो."

अंदाजेने या क्षणाची इतकी वर्षं धास्ती घेतली होती. ताई उठेल, बॅग भरेल, पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणेल. तसलं काही झालं नाही. ताईने हात पुढे करून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "तू तेव्हा लहानच होतास रे," ती म्हणाली. अंदाजेचे डोळे भरून आले, आणि खरं सांगायचं तर त्यात सुटल्याचाही आनंद होता.

मग गुडघ्यावरचा हात तिने हळूच काढून घेतला.

"शेवटच्या दिवशी त्यांना गोळी नको होती," ती म्हणाली. "तोंड फिरवत होते. मी म्हटलं, आयुष्यात एकदा तरी कुणाचं ऐका. हे माझं शेवटचं बोलणं. ते हसले आणि घेतली गोळी."

अंदाजेला आता कळलं, की सांगितलं तर आपलं काय जाईल एवढाच विचार त्याने आजवर केला होता. ताईचं काय जाईल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि ते तर समोर बसल्या जागी जात होतं.

"ते असताना सांगायचं होतंस," ताई म्हणाली. "कधीही. अगदी आदल्या दिवशी सांगितलं असतंस तरी चाललं असतं. एक दिवस तरी मी त्यांच्याशी नीट बोलले असते." ती थांबली. "आता मी कुणाची माफी मागू?"

ती चिडून विचारत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं, आणि आपल्या हुशार भावाला ठाऊक असेल म्हणून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.